मागावरून उठलेले

चैत्रातल्या दुपारी विंचूर ओलांडलं की कांद्याचा उग्र, किंचित गोडसर गंध गाडीच्या बंद काचांमधूनही आत येतो आणि येवल्यापर्यंत सोबत करतो. शेताशेतांत नुकत्याच काढलेल्या उन्हाळ कांद्याच्या राशी पसरलेल्या असतात, त्यांच्यावर ऊन तांबूस होऊन सांडत असतं, आणि वाऱ्याने उडालेली पातळ गुलाबी सालं रस्ता ओलांडून पलीकडच्या बांधाला अडकत राहतात. एरवी हा रस्ता मला फार प्रिय. त्या शनिवारी मात्र माझं कशातच लक्ष नव्हतं, कारण शेजारी माझी आई बसली होती आणि नाशिक सोडल्यापासून ती एक अक्षर बोलली नव्हती.

आईला आम्ही अम्मा म्हणतो. माझी मुलगी रेवतीही तिला अम्माच म्हणते. अम्मा गप्प असते तेव्हा ती रुसलेली नसते, तयारी करत असते. लहानपणी तिच्या या शांततेनंतर आमच्यापैकी कुणाची तरी हजेरी घेतली जाई, आणि पन्नाशी उलटून गेल्यावरही तिच्या शेजारी बसताना मी तशीच पाठ ताठ करून बसते. या खेपेला हजेरी रेवतीची होती. अंबडच्या एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढणारी माझी इंजिनिअर मुलगी महिन्याची रजा टाकून येवल्याला पुष्पाकाकूंच्या घरी पैठणी विणायला शिकायला गेली, तेव्हा आम्ही सगळे कौतुकाने हसलो होतो. हौस आहे, फिटेल, म्हणालो होतो. गुरुवारी तिचा फोन आला. “आई, मी सोमवारी हजर होत नाहीये. पुष्पाकाकू मला मागावर ठेवून घेतायत.” रजा वाढणार नाही, सोमवारी आली नाही तर जागा भरून टाकू, असं कारखान्याने स्वच्छ सांगितलेलं होतं. मी ओरडले, मग विनवण्या केल्या, मग पुन्हा ओरडले. अम्मा पलीकडे भाजी निवडत होती. तिने फक्त एकच शब्द उच्चारला, “मागावर?” आणि शनिवारी जेवणं होताच नवं लुगडं नेसून दारात उभी राहिली. “गाडी काढ. मी आणते तिला.”

त्या एका शब्दाने तिच्या काळजाला चटका का बसला, हे कळायला आमचं घर माहीत हवं. आम्ही पद्मशाली. पणजोबांच्याही आधीचं कुणीतरी तेलंगणातून पोटापाठी चालत निघालं आणि सिन्नरला येऊन टेकलं. भिंतीवर मार्कंडेय ऋषींची तसबीर आली, घरात आमची तेलुगू राहिली, जी हैदराबादकडची माणसं ऐकून हसतात आणि शेजारची मराठी माणसं ऐकून बुचकळ्यात पडतात. त्या भाषेत मागाला मग्गम म्हणतात. माझे आजोबा, म्हणजे अम्माचे सासरे, दुसऱ्याच्या मागावर मजुरीने लुगडी विणत. जमिनीत खणलेल्या ओलसर खड्ड्यात पाय सोडून दिवसभर बसायचं आणि संध्याकाळी निघायचं ते मालकाने नावं ठेवलेली वीत-दोन वीत वीण मनात घेऊन. एके दिवशी ऐन तारुण्यात ते खड्ड्यातून बाहेर आले, शाळेत शिपाई म्हणून लागले आणि माझ्या वंशातलं पाऊल पुन्हा त्या खड्ड्यात पडणार नाही, असं त्यांनी देवासमोर सांगितलं. पुढे त्यांचा मुलगा, माझे वडील, कारकून झाले, मी कॉलेजात शिकवू लागले, रेवती इंजिनिअर झाली. शिडी नीट भिंतीला टेकवलेली होती आणि दर पिढीने आपापली पायरी चढायची एवढंच काम होतं. आमच्या घरात कुणाचं काही बरं झालं, कुणाला नोकरी लागली, कुणी पहिल्या फटक्यात पास झालं, की अम्मा म्हणणार, “मागावरून उठला गं पोरगा!” या वाक्यासारखा दुसरा आशीर्वाद आमच्या घरात नाही.

मी समाजशास्त्र शिकवते. स्थलांतराचा विषय आला की दरवर्षी सर्बियन आणि स्लोव्हेनियन माणसांचं उदाहरण घेते: जवळपासच्या मुलखांतून निघालेली, समुद्रापलीकडच्या खाणींच्या आणि पोलादाच्या गावांत पोचलेली, एकाच धुरात श्वास घेतलेली दोन समाजांची माणसं. त्यांच्या पणतवंडांचं आज कसं चाललं आहे? कुणी घरं बांधली, कुणी भाषा राखली, कुणाच्या लेकी शिकल्या, कुणाची माणसं अजून सणाला एका अंगणात जेवतात आणि कुणाची पांगली? निघताना गाठोडी सारखीच होती, मग पोचल्यावर वाटा वेगळ्या का झाल्या? मुलं खाली मान घालून लिहून घेतात, आणि मागच्या बाकावरून एखादा विचारतो, “मॅडम, हे परीक्षेला नक्की येतं का?” येतं, असं मी सांगते. इतक्या लांबच्या माणसांबद्दल बोलताना आवाज कसा स्थिर राहतो.

जवळचं उदाहरण होतंच. येवल्याचे खत्री आणि सिन्नरचे आम्ही. तेही बाहेरून आलेले, ज्यांच्या घरी रेवती शिकत होती त्यांच्या कथेप्रमाणे गुजराथेकडून, रेशमाच्या वाटेने. तेही विणकर, आम्हीही विणकर. ते रेशमाचे, आम्ही सुताचे. त्यांनी माग धरून ठेवला आणि त्यांच्या मागाभोवती दुकानं उभी राहिली, वर मजले चढले, लग्नांत सोनं दिसू लागलं. आम्ही माग सोडला आणि आमच्याकडे पदव्या आल्या, बदल्या आल्या, नाशिकच्या फ्लॅटमधल्या गॅलरीतल्या चार कुंड्या आल्या. त्यांच्या घरातल्या पोरी फारशा शिकल्या नाहीत, असं आम्ही म्हणायचो. आमच्या घरात सणासुदीला चार माणसंही जमत नाहीत, असं ते म्हणत असतील. प्रत्येक समाजाला दुसऱ्याच्या ताटातलं काय कमी आहे ते बरोबर दिसतं. मलाही दिसत होतं, आणि त्या दुपारी गाडीत मी मनातल्या मनात आमचीच बाजू भक्कम करत होते.

येवल्यातली ती गल्ली अरुंद आणि स्वच्छ होती. पुढे दुकान, काचेआड पसरलेले जरीचे पदर, आत गेल्यावर छोटं अंगण, आणि अंगणापलीकडे एक लांबट खोली, जिच्या कौलातल्या काचेतून उन्हाचा एकच पट्टा खाली उतरला होता. रेशमाला एक वास असतो, थोडा तेलकट, थोडा ओल्या लोकरीसारखा. तो नाकात शिरला आणि पाठोपाठ मागाची फणी ओढल्याचा आवाज आला, ठप, ठप, थांबून पुन्हा ठप. मागांच्या ओळीत अगदी शेवटी रेवती बसली होती. कमरेपासून खाली ती जमिनीत गेली होती. अम्माने माझा दंड इतक्या जोराने धरला की मला तिची नखं टोचली. आयुष्यभर ज्या खड्ड्याला ती शिव्या घालत आली होती, तो तिने आज पहिल्यांदा पाहिला. ती लग्न होऊन आली तेव्हा आमच्या घरातलं विणकाम सुटलेलं होतं.

“रेवती, चल,” मी म्हणाले.

“ही ओळ होऊ दे, आई.” तिने मान वर केली नाही. ती ओळ झाली आणि तिने दुसरी सुरू केली. मला संताप आला, आणि संतापाच्या तळाशी भीती होती, हेही मला कळत होतं. ही पोर हातची जाते आहे, सोमवार येणार आणि जाणार, आणि आजोबांपासून रचलेलं सगळं पदरावरच्या एका मोराच्या पिसाऱ्यापायी ढासळणार.

पुष्पाकाकू आल्या. साठीच्या पुढच्या, ठसठशीत कुंकवाच्या, चालताना किल्ल्यांचा जुडगा वाजवणाऱ्या. घर आणि माग दोन्ही त्यांच्याच नजरेखाली चालत. त्यांनी सतरंजी टाकली, तांब्या पुढे केला.

“पाणी घ्या, मावशी. उन्हातून आलात.”

“पानी नको,” अम्मा म्हणाली. “पोरगी द्या.”

“घ्या बाई! मी काय तिला बांधून ठेवलीय का?” काकूंचा आवाजही चढला. “येते म्हणाली, शिकते म्हणाली, हात चांगलाय तिचा. मी बस म्हटलं.”

“आमच्यात मागावर कुनी बसत नाय.” अम्माने पदर सारखा केला आणि गाडीत इतका वेळ घडवून ठेवलेलं वाक्य बाहेर काढलं. “माझे सासरे भर तरनेपनी मागावरून उठले!”

काकूंचा चेहरा झरकन उतरला. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, हातातला तांब्या हलकेच खाली ठेवला. “अरेरे,” त्या पुटपुटल्या, “तरण्या वयात? काय झालं होतं हो?”

“व्हायचं काय? लय चांगलं झालं!” अम्मा ठसक्यात म्हणाली. “सासूनं माझ्या गल्लीभर पेढे वाटले व्हते.”

ठप-ठप थांबली. ओळीतल्या सगळ्या मागांवरचे हात जिथल्या तिथे राहिले. काकू अम्माकडे अशा पाहू लागल्या, जणू ही बाई भ्रमिष्ट तरी असावी किंवा आमचं घराणं तरी राक्षसांचं असावं. अम्माला त्या नजरेचा अर्थ लागेना आणि ती अधिकच ताठ झाली. मलाही लागला नव्हता. शेवटी खड्ड्यातून रेवतीचाच आवाज आला, हसू दाबून धरलेला. “काकू, अम्माचे सासरे तेव्हा गेले नव्हते. त्यांनी विणायचं सोडलं होतं. आमच्याकडे त्याला उठणं म्हणतात.”

विणकरांतून एक हशा फुटला आणि विरला, कारण काकू हसल्या नाहीत. त्या सतरंजीच्या कडेला बसल्या. त्यांच्या घरात, त्यांनी सांगितलं, मागावरून उठला म्हणजे माणूस गेला. मेला हा शब्द विणकराच्या बाबतीत तोंडातून काढायचा नाही, मागावरून उठला म्हणायचं, कारण जित्या माणसाने माग सोडायचा असतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं. “माझे धाकटे दीर रेल्वेत लागले,” त्या म्हणाल्या, “तर मामंजींनी त्यांच्या नावानं खरीखुरी आंघोळ केली, विहिरीवर जाऊन. मी नवी सून होते. पाणी मीच शेंदून दिलं.” पुढे त्याच दिराची नातवंडं परदेशी गेली आणि आता आलेल्या-गेलेल्यांना त्यांचे फोटो दाखवले जातात, हेही त्यांनी सांगितलं, पण ते सांगताना त्यांची नजर अंगणाकडे होती.

एकच वाक्य, एकच माग, आणि दोन घरांत त्याचे दोन अर्थ: एकीकडे पेढे, एकीकडे सुतक. वर्गात मी इतकी वर्षं जे समजावून सांगत आले ते इथे एका तांब्याभोवती बसलेल्या दोन बायकांमध्ये असं उघडं पडलं होतं, आणि मला ते समजून घेण्याचा मुळीच आनंद होत नव्हता. कारण मला माझी मुलगी परत हवी होती.

“आता घरचं कोन बसतं तुमच्या मागावर?” अम्माने विचारलं. तिला वास बरोबर लागतो.

काकू एकेक मोजू लागल्या. मुलगा गल्ल्यावर बसतो. नातू नाशिकला इंग्रजी शाळेत आहे. नात डॉक्टर व्हायचं म्हणते. “घरचं कुणी नाही,” त्या म्हणाल्या. “विणणारे सगळे बाहेरचे.”

“मंग?” अम्माने तळहात सतरंजीवर आपटला. “तुमचे समदे उठले, गुपचूप उठले. आन माझी नात बसवता?”

 उन्हाचा पट्टा सरकून रेवतीच्या मागावर आला होता आणि अर्धवट विणलेल्या पदरातली जर डोळ्यांना टोचत होती. काकूंचा अपमान झाला होता, आणि तो खरा असल्यामुळे अधिकच झाला होता. त्या उठून जातील, रेवतीला आज ना उद्या काढून टाकतील, आणि तसं झालं तर बरंच, असं माझ्या मनात येऊन गेलं. पण त्या उठल्या नाहीत. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी मुठीत धरून ठेवला, जणू त्याचा आवाज नको होता.

“खरंय तुमचं,” त्या म्हणाल्या. “पण मावशी, एक विचारते, राग मानू नका. तुमचे सासरे उठले. शिपायाच्या पगारात भागलं तुमचं? पोरं शिकली तेवढ्यात?”

“कुठलं भागतंय.”

“मग ते उठल्यावर बसलं कोण?”

अम्माने आपल्या तळहातांकडे पाहिलं. आमच्या घराच्या उठण्याची गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली आहे. तिच्यात आजोबा उठतात, वडील उठतात, मी उठते, रेवती उठते; प्रत्येक वाक्यात कुणीतरी उठत असतं. बसणारं माणूस त्या गोष्टीत कधी आलंच नाही. आणि तरीही माझ्या बालपणाचा सगळा वास ओल्या टेंभुर्णीच्या पानांचा आणि तंबाखूचा आहे. मांडीवर सूप, सुपात पानं, कात्री, दोरा, आणि त्या सुपावर वाकलेली आधी आजी आणि मग अम्मा, सकाळी चूल विझल्यापासून दिवा लागेपर्यंत विड्या वळणाऱ्या. आमच्या फीचे, पुस्तकांचे, वडिलांच्या पहिल्या पांढऱ्या शर्टाचे पैसे त्या सुपातून आले. अम्माची मान आजही पुढे झुकलेली आहे, डॉक्टर तिला वयाचं कारण सांगतात आणि मी मान डोलावते. झोपेत तिची बोटं अजून काहीतरी वळत असतात.

“मी,” अम्मा म्हणाली.

तिने ते इतक्या हळू म्हटलं की काकूंनी पुढे वाकून पाहिलं. “आधी सासू बसली, मंग मी,” ती म्हणाली. “त्यांनी खड्डा सोडला, आन आमी सूप घेतलं.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आपल्याच तोंडून आपल्याला एखादी बातमी कळावी, तसं काहीतरी होतं. 

मग ती उठली, गुडघ्यांवर हात टेकत मागांच्या ओळीच्या टोकाला गेली आणि रेवतीच्या खड्ड्याच्या काठावर जमिनीवर बसली. मला वाटलं, आता ती पोरीचा हात धरून ओढणार. मी पुढे झाले.

“तुला कुनी बसवलंय का?” तिने विचारलं.

“नाही, अम्मा.”

“आईबापाला भागत नाय म्हनून बसलीस?”

“नाही गं.”

“मंग कशापायी?”

रेवतीने हातातला धोटा ठेवला. पहिल्यांदाच तिने मान वर केली, आणि तिचे डोळे भरलेले मला दिसले. “मला आवडतं,” ती म्हणाली.

“इष्टमा?” अम्माने घरच्या भाषेत पुन्हा विचारलं. आवडतं? जसं काही मराठीत ऐकलेलं खरं नसेल, तेलुगूत विचारून खात्री करून घ्यावी. रेवतीने मान हलवली.  आमच्या घरात कामाबद्दल हा शब्द कुणी वापरलेला मला आठवत नाही. काम मिळतं, काम टिकतं, काम सुटतं. काम आवडतं, हे म्हणायची ऐपत आमच्यात या मुलीपर्यंत कुणाला आली नव्हती. आणि ती ऐपत आली कुठून, हे तिथे बसलेल्या दोघींनाही एकाच वेळी कळलं असावं, कारण रेवतीने खड्ड्यातूनच हात लांब करून अम्माची बोटं धरली आणि अम्माने ती सोडवून घेतली नाहीत.

मी मात्र इतक्यात हरणार नव्हते. काकूंदेखत मी विचारलं, हा माग तुझा नाही, मजुरीवर बसणार का, उद्या डोळे गेले, पाठ गेली तर? आजोबा उठले ते काय उगीच? “सध्या मजुरीवर,” रेवती म्हणाली. “पुढचं पुढे.” काकू तांब्या उचलून आत गेल्या, आणि त्यांनी बोलायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं.  माझ्या प्रश्नाचं उत्तर आजही मिळालेलं नाही. आवडीने बसलेल्या माणसालाही खड्डा तेवढाच खोल असतो, आणि दुसऱ्याचा माग दुसऱ्याचाच असतो. हे मी आई म्हणूनही जाणते आणि शिक्षिका म्हणूनही.  तोवर अम्मा चपला घालून अंगणात गेलेली होती.

परतताना ऊन कलंडलं. कांद्याच्या राशींवर लोकांनी ताडपत्र्या ओढायला घेतल्या होत्या आणि हवेत धुळीबरोबर थोडा गारवा आला होता. निफाडजवळ द्राक्षांनी भरलेले टेम्पो एकामागून एक पुढे गेले. मी मनात वाक्यं जुळवत होते: रात्री रेवतीला पुन्हा फोन करायचा, रविवार अजून हातात आहे, तिच्या वडिलांना बोलायला लावायचं. अम्मा डोळे मिटून बसली होती. ती झोपली आहे असं समजून मी खिडकीची काच थोडी वर केली.

“कारखान्यात कोन कळवनार?” तिने डोळे न उघडता विचारलं.

“रेवतीच कळवेल म्हणाली. सोमवारी सकाळी.”

“तू कळव,” अम्मा म्हणाली. “सोमवारी सकाळी ती कामावर असंल.”